मेलेल्यांचा बाजार

नाय, नाय मास्तर, तिकडं नका बसू, तिकडं म्हस शिंग लावते — हितं या, वळचणीला, हितं सावली हाय अन वाराही. आधी घाम पुसा. शिडीवर पाय लटपटले ना? लटपटतात. पयल्या खेपेला सगळ्यांचे लटपटतात, अन तुमी तं बगलेत एवढं मोठं दप्तर घेऊन चढलात. हे घ्या पाणी. टाक्यातलं हाय, दात शिवशिवतील, बेतानं प्या. — नाय, घरात मी एकटीच, अन हे पाळण्यातलं. बाकीची सगळी, नवराही, धसईला गेलीत, आज बाजार. येतील उन्हं उतरायच्या आत. तोवर माझ्याकडनं लिहून घ्यायचं ते घ्या. माझं नाव गोजर. बाप चंदर, तो मेला. आजा लडकू, तो जिता हाय, वय त्याचं त्यालाही ठावं नाय, सत्तर लावा. आई भागी. माझं वय — वर्षं तुमी मोजा, मी खूण सांगते. मानमोडीचा ताप आला त्या साली मी आईच्या पोटात होते. — बावीस? मला कमी वाटतं, पण तुमचा कागद म्हणतो तं असंल.

काय बघताय एवढं? — मागल्या मोजणीच्या कागदात आमची आवळमाची नाय? — हाय? मंग काय लिहिलंय? — ओसाड. वस्ती नाय. — मास्तर, मला हसू येतंय म्हणून रागावू नका, तुमाला नाय हसत. ज्यानं लिहिलं त्यानं खालच्या माणसांना विचारून लिहिलं असंल, अन खाली सगळे हेच सांगायचे. दहा वर्षांमागं तुमच्या लेखी आमी मेलेलो होतो. अन आमच्या लेखी तुमी. — अहो, खरंच. तुमी, धसई, मुरबाड, कल्याण, ती मुंबय का काय ती, सगळं मेलेलं. माणूस उरलं होतं ते हितं, या माचीवर. मी पंधरा वर्षांची होईस्तोवर जगात नऊच माणसं होती. तुमाला मोजायला किती सोपं गेलं असतं बघा.

ऐका तं मंग. घाई नका करू, कातळ आता तापलाय, उतरताना हात भाजतील. — मानमोडीत काय झालं ते मी बघितलं नाय, मी पोटात. पण इतक्यांदा ऐकलंय की बघितल्यासारखंच. ताप चढायचा, अंग ठणकायचं, मान धरवायची नाय, चौथ्या दिवशी माणूस गार. माचीवर तेवीस माणसं होती, आठ दिवसांत पंधरा गेली. माझी आजी गेली, बाप गेला, चुलता गेला. आठ उरली — आजा, आई, आजाची भावजय जनाबाई, अन जनाबाईच्या घरची पाच. नववी मी, नंतर आलेली. महिन्याभरानं आजा खाली उतरला, जगात काय चाललंय ते बघायला. दुसऱ्या दिवशी परत आला तो लांबच उभा राहिला, अंगाला राख फासून, अन बोलला, खाली कोण नाय. धसईत कुत्री फिरतात, दारं उघडी, माणूस नाय. संपलं सगळं, आता काय ते आपण. असं बोलला अन शिडी वर ओढून घेतली. तुमी चढलात ना, तीच जागा — दोन पुरुष उंच सरळ कातळ. शिडी नसली तं माकडही दोनदा विचार करतं.

आता तुमी म्हणाल, कड्यावरनं खाली दिसत नव्हतं का? दिसायचं की. आषाढात भाताची आवणं हिरवी दिसायची, कार्तिकात पिवळी, मंग कापलेली. मी आजाला विचारलं, माणसं नायत तं भात कोण लावतं? आजा बोलला, तीच. मेलेली. त्यांना सवय सुटत नाय गो, जन्मभर तेच केलं, आता मेल्यावर दुसरं काय करतील? पेरतात अन कापतात. मी पुन्हा विचारलं, मंग खातं कोण? तवा आजानं मला म्हस बघायला पाठवलं. धूर दिसला तं बोलायचा, मढी जळतायत. पंधरा वर्षं जळत होती, मास्तर, अन आमाला कोणाला वाटलं नाय की एवढी लाकडं आणतं कोण. — हसा, हसा. पण आई हसायची नाय. कारण मी पोटात होते तवाच, शिडी काढल्यावर, एक दिवस कड्याखालून हाका आलेल्या. भागी, भागी गो — तिच्या भावाचा आवाज, जयराममामाचा. अर्धा दिवस हाक चाललेली. आई उठली तं आजानं हात धरून बसवलं, बोलला, ओ देऊ नको, ओ दिलीस तं पोटातल्यासकट जाशील. आईनं कानात बोटं घातली. तिचं माहेर शेणव्याचं. त्या दिवसापासनं तिनं शेणव्याची सगळी माणसं मेलेल्यांत धरली, आईला अन भावालाही.

मीठ कुठनं यायचं? — हां, बरोबर विचारलंत. हुशार दिसता. आमच्यात हे कोणी विचारलं नाय. मीठ आजा आणायचा, वर्षातनं दोन खेपा, कापणी झाल्यावर एक अन पावसाच्या आधी एक. सांगायचा, धसईत दुकानं तशीच पडलीत भरलेली, मिठाला काय होतंय, श्वास धरून आत जायचं अन उचलून आणायचं. जाताना बरोबर मधाचा डबा न्यायचा अन हिरड्याची पाटी. ते कशाला? तं मेलेल्यांना द्यायला, म्हणजे ते मागं लागत नायत. तो गेला की आमी सगळ्यांनी दारं लावून आत बसायचं. शिडीकडं बघायचं पण नाय. तो दुसऱ्या दिवशी येणार, झऱ्यावर अंग धुणार, शिडी ओढून घेणार, मंग दार उघडायचं. अन खाली गेलेल्यानं परत यायचं नाय, हा नेम. आजा सोडून. जनाबाईची एक शेळी कड्यावरनं घसरत खाली गेली होती, तिसऱ्या दिवशी कुठल्या घळीतनं चढून परत आली, तं आजानं तिला मारून पुरली. मांस कोणाला खाऊ दिलं नाय. शेळीची ती गत, मंग माणसाची काय? मला ती शेळी लय आठवायची.

पण मुंग्या कोणाचा नेम पाळत नायत, मास्तर. असंच आजानं मीठ आणलेलं, धडप्यात बांधलेलं, अन मी ते मडक्यात ओतून घेतलं, तं धडप्याच्या एका कोपऱ्यावर मुंग्यांची रांग. मिठाला मुंग्या? मी तो कोपरा जिभेला लावला — कोणी बघत नव्हतं — तं गोड. मधासारखं नाय, उसासारखं नाय, गोड अन तुपकट अन चिकट, अन त्यात तळलेल्याचा वास. मी तो कोपरा चोखून चोखून पांढरा केला. मंग डोसकं चालायला लागलं. मीठ पंधरा वर्षं टिकतं, मानलं. पण गोड पदार्थ पंधरा वर्षं ओला कसा राहील? हे कोणीतरी आता केलंय. अन मेलेली माणसं भात लावतात ते सवयीनं, पण गोड करतात ते कशाला? गोड तं कोणाला तरी आवडतं म्हणून करतात.

ते वैशाखातलं. मी पूर्ण पावसाळा काढला, एका शब्दानं बोलले नाय. कार्तिकात आजा पुन्हा निघाला, दारं लागली. मी आईला सांगितलं, मी जनाबाईकडं निजते आज, तिचे पाय चेपते. जनाबाईकडं गेलेच नाय. गेले ती शिडीवर. आजाला परत यायचं असायचं, म्हणून शिडी त्या एकाच दिवशी लावलेली असायची. बाकी दिवस मला जाता आलं नसतं, अन त्या दिवशी कोण बघणार नव्हतं, कारण आजानंच सगळ्यांना डोळे मिटून बसवलेलं. माझ्या सोयीसाठी केल्यासारखा नेम होता.

भ्याले? तं काय. शिडीवर नाय भ्याले, शिडीच्या खाली पाय टेकला तवा भ्याले. वाटलं, आता मेले. मंग थोडं चालले, तं मेले नव्हते. आणखी थोडं चालले. आजा पुढं होता, लांब, त्याच्या पाटीवर नजर ठेवून मी झाडाझाडामागनं. उतारावर तो दिसेनासा झाला, पण वाट एकच होती. खाली ओढ्यावर पयलं माणूस दिसलं — एक बाई, धोपटत होती धुणं. मी करवंदीच्या जाळीत शिरले अन तिचे पाय बघितले. — अहो, पाय बघायचे, मेलेल्याचे पाय उलटे असतात, तुमाला शाळेत शिकवत नायत का? ती गुडघाभर पाण्यात, पायच दिसेनात. मी बसून राहिले. ती धुणं धुऊन वर आली, तं पाय सरळ. बोटं पुढं, टाचा मागं. मला वाटलं, ही एखादी नवीन मेलेली असंल, अजून उलटायचे असतील.

मंग धसई आली. मी बाजारात शिरले ती खाली मान घालून, सगळ्या बाजाराचे पाय बघत. सरळ, सरळ, सरळ. चिखलाचे पाय, फुटलेल्या टाचा, जोडवी घातलेले पाय, एक लंगडा पाय — पण सरळ. इतके पाय मी जन्मात बघितले नव्हते, आमच्यात सगळे मिळून अठरा. एक माणूस मात्र बूट घालून उभा होता, खाकी कपडे. त्याचे पाय झाकलेले. मी म्हटलं, हा बघा, हाच तो मेलेला, बाकीच्यांना फसवून ह्यांच्यात मिसळलाय. त्याच्यापासनं पळाले ती मोटारीसमोर. मुरबाडची सर्विस मोटार, मास्तर, ती भोंगा वाजवते ती. तिचं मी काय सांगू? मी तिचेही पाय शोधले.

पळत पळत एका कासारणीच्या पाटीवर आदळले. देवकी नाव तिचं, अजून येते बाजाराला, आता दात पडलेत. तिनं मला मनगटाला धरलं, शिव्या देईल वाटलं, तं हात उलटापालटा करून बघते अन बोलते, बाई गो, एवढी घोडी झालीस अन हातात एक बांगडी नाय? बस हितं. अन माझा पंजा दाबायला लागली, माप घ्यायला. मास्तर, तिचा हात गरम होता. आजा सांगायचा, मेलेल्याचा हात लागला की आपलं रक्त गोठतं. हिचा हात गरम, घामेजलेला, अन बोटाला चुन्याचा वास. मी तिथं खाली बसले ती बसलेच. मला कळलं ते तवा. पाय बघून नव्हतं कळलं, हात लागल्यावर कळलं. मला रडू यायला लागलं, तं तिला वाटलं बांगडी टोचली.

तिनं विचारलं, कुठली गो तू? मी बोलले, आवळमाचीची. तिनं माझा हात सोडला.

"आवळमाचीची माणसं मेली," ती बोलली. "मानमोडीत. सगळी."

"नाय," मी बोलले, "तुमी मेलात."

मंग, खोटं नाय सांगत, देवकीनं वाकून माझे पाय बघितले.

मंग तिनं सगळं विचारलं, बापाचं नाव, आईचं नाव. आईचं नाव भागी बोलले तं ती कपाळाला हात लावून बसली. ती शेणव्याच्या बाजारालाही बसायची. बोलली, शेणव्याची बाईजा म्हातारी दर साली पितरांच्या दिवसांत माझ्याकडनं हिरवा चुडा घेते. आवळमाचीला दिलेल्या लेकीच्या नावानं एका सवाशिणीला भरते. तिच्या पोरानं, जयरामनं, कड्याखाली अर्धा दिवस हाका मारल्या, वरनं कोणी ओ दिली नाय, वर गिधाडं फिरत होती. तवापासनं म्हातारी लेकीचा चुडा भरते. — बाईजा म्हणजे माझ्या आईची आई. माझ्या आईला आई होती, मास्तर, जिती, दोन दिवसांच्या वाटेवर. मला तवा त्याचं एवढं नाय वाटलं. मला मोटार बघायची होती, अन तो गोड वास येत होता कुठनं तरी.

वासावर गेले. कढई होती, माणूस हात फिरवून गोल गोल सोडत होता, अन कढईसमोर उकिडवा बसून, पानावर जिलबी घेऊन, आमचा आजा. लडकू. जग बुडालेलं सांगणारा. अन तो हसत होता. मी आजाला हसताना कधी बघितलंच नव्हतं, मला आधी वाटलं दुसरंच कोणी हाय, आजासारखं दिसणारं. जिलबीवाला त्याला गणूबाबा म्हणत होता, खाली त्यानं हेच नाव सांगितलेलं. गणूबाबा, यंदा मध कमी आणलात. अन गणूबाबा काय गप्पा मारत होता — कोणाचा बैल मेला, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळ्या धसईची त्याला खबर. बोटं चाटत होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

त्यानं वर बघितलं, अन मंग लगेच खाली. माझ्या पायांकडं. — हो ना, हसूच येतं. इतकी वर्षं तेच सांगून सांगून त्याचंच त्याला खरं वाटायला लागलेलं. त्याला वाटलं मी वरती मेले अन त्याला न्यायला आले. पान हातातनं पडलं. मंग पाय सरळ बघून त्याचा श्वास सुटला, अन तो बोलला, "बस. खा."

मी खाल्ली. चार खाल्ल्या. कशी लागली विचारू नका, ते सांगता येत नाय.

दुसऱ्या दिवशी चढून शिडीखाली पोचलो तवा तो बसला अन बोलला. ताप माचीवर त्यानंच आणलेला, मास्तर. बाजार करून आला होता धसईचा, पोरासाठी पागोटं घेऊन, अन दोन दिवसांनी खोकला. तो स्वतः बरा झाला. पोरं मेली, बायको मेली. मंग महिन्यानं खाली गेला तवा धसई खरंच तशी होती, दारं उघडी, कुत्री. तवा तो खोटं नव्हता बोलला. खोटं झालं ते पुढल्या वर्षी, मीठ संपलं तवा. भीतभीत उतरला, तं बाजार भरलेला. "माणसं भांडत होती गो," तो बोलला, "वांग्यांवरनं. मला इतका राग आला. माझी दोन्ही पोरं मेली अन ही वांग्यांवरनं भांडतात." वर येऊन सांगणार होता, पण सांगितलं तं सगळी खाली जाणार, अन कोणीतरी पुन्हा काहीतरी घेऊन येणार, अन आता उरलीत त्यातलं कोण मरंल? म्हटलं, एक वर्ष थांबू. मंग आणखी एक. मंग इतकी झाली की सांगायचं कसं तेच सुचेना. दर खेपेला माझ्यासाठी एक जिलबी बांधून घ्यायचा धडप्यात, अन शिडीपाशी आला की हिंमत जायची, माकडांना टाकायचा. मला त्याचा राग येत नव्हता. मी पंधरा वर्षांची, मला वाटलं, काय गमतीचा म्हातारा हाय आपला, अन हे आता फक्त आपल्या दोघांना ठावं.

मंग काय, कळलंच सगळ्यांना. आजानं आईला सांगितलं, आई शेणव्याला गेली, मामा भेटला, शिडी तवापासनं लावलेलीच असते. संपली गोष्ट. आता तुमी लिहा — जनाबाई मेली दोन साल झाली, तिच्या घरची — काय? — आजी? बाईजा? नाय, ती नाय भेटली आईला. आई गेली भादव्यात, अन म्हातारी गेली श्रावणात. एका महिन्यानं चुकली. — हो, कार्तिकातच मी उतरले. — हो, मंग तं भादवा — तो पुढल्या वर्षाचा भादवा.

मास्तर लोकांना हिशोब लय येतो.

दहा महिने. मी मोजलेत, तुमी नका मोजू. आजा बोलला होता शिडीखाली, थोडं थांब, भागीला मी सांगतो, नीट सांगतो. मी देवकीचं सगळं बोलले होते त्याला, म्हातारीचं, चुड्याचं. तो बोलला, शिमगा होऊ दे. शिमगा झाला, तं पावसाच्या आधी सांगतो. वैशाखात मीठ आणलं तं माझ्यासाठी दोन जिलब्या आणल्या, मी त्या गोठ्यात बसून खाल्ल्या अन हात शेणानं घासले, वास जायला. आई बोलली, आज शहाण्यासारखी शेण काढतेस. — नाय, आजानं मला दटावलं नव्हतं. तसं म्हणता आलं असतं तं बरं होतं. मलाच ते आवडत होतं. आईला ठावं नाय अन मला ठावं हाय, हे. जग एवढं मोठं हाय अन माचीवर ते दोघांनाच ठावं, अन त्यातली एक मी. आई संध्याकाळी कड्यावर बसून शेणव्याच्या बाजूला बघायची, अन मी तिच्याशेजारी बसायचे अन मनात म्हणायचे, सांगू? अन नाय सांगायचे. उद्या सांगू. म्हातारी कुठं पळून चाललीय.

भादव्यात पितरांची पानं मांडली. आई दर साली कड्यावर पानं मांडायची, बापाचं, आजीचं, सगळ्यांची, अन एक बाईजाचं. कावळे यायचे, सगळी पानं शिवायचे, अन बाईजाचं तसंच. दर साली. आई उन्हात उभी राहायची हात जोडून, आई, काय राहिलंय तुझं, सांग, मी करीन. दुपार टळायची, मंग रडत पान म्हशीला घालायची. मी लहानपणापासनं बघत आलेले. त्या साली पानं मांडली अन कावळा आला तो आधी बाईजाच्याच पानावर. पयला घास तिचा. अन आई — तुमाला काय सांगू — आई हसली. माझ्याकडं वळून बोलली, गोजर, बघ, सुटली माझी आई. काय अडकलं होतं ते सुटलं.

मी तिथनं उठले अन आजाकडं गेले. त्याला बोलले, आत्ताच्या आत्ता सांग, नायतर मी सांगते.

त्यानं सांगितलं. हातातला विळा खाली ठेवला अन आईपुढं जाऊन बसला अन सगळं सांगितलं, ताप, बाजार, मीठ, जयरामच्या हाका. फक्त एक नाय सांगितलं. बोलला, हे मला एकट्याला ठावं होतं, दुसऱ्या कोणाला नाय. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाय. आईनं पदर खोचला, मला बोलली शिडी लाव, अन भरल्या पावसात शेणव्याला गेली. पंधरा दिवसांनी आली तं मामा बरोबर, तिला पोचवायला. घरात शिरली अन आजाला एवढंच बोलली, "बाबा, मीठ आता मी आणीन." मंग दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाय. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, तोंडातनं शब्द नाय. म्हातारा खाली मान घालून जेवायचा. अन मी त्याच पंगतीला बसून जेवायचे.

एकदा मला राहवलं नाय. आई चुलीपुढं होती, मी बोलले, आये, आजाला बोल गो कायतरी, त्याचा एकट्याचाच — अन पुढं शब्द फुटेना. तं ती लाकडं सारत बोलली, "तू नको त्याची बाजू घेऊ. तुला ठावं असतं तं तू मला त्याच दिवशी सांगितलं असतंस." साधं बोलली, मीठ पुरंल का विचारावं तसं. मी हो म्हटलं.

आता बोलतात दोघं. आज बाजाराला त्याला हाताला धरून तीच घेऊन गेलीय, शिडीवर त्याच्या खालून उतरते, पाय कुठं ठेव ते सांगत. — नाय, आजाही कधी बोलला नाय मला त्यावरनं, सात वर्षांत एकदा पण नाय. एकदा तरी बोलला असता. — तुमी का लिहिताय? हे नका लिहू. हे कागदात कशाला? नवऱ्यालाही नाय सांगितलं मी हे, अन तुमाला — तुमी पाणी मागितलंत फक्त. टाक राहू दे खाली. माणसं मोजायला आलात ना, माणसं मोजा, बास झालं.

थांबा. शिडी वाजली. — आलीच ती.

आये, सावकाश. पाटी दे हितं. हे मास्तर आलेत, माणसं मोजायला. — नाय गो, काय नाय बोललो, पाणी दिलं त्यांना. निघालेच ते.